आठल्यांचे चरण

सुबोधराव आठल्यांची टाच दुखते आहे, ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही असं सुबोधरावांनी पक्कं ठरवलं होतं. पण लंगडणाऱ्या माणसाचं गुपित फार काळ टिकत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकलं की त्यांच्या तोंडून 'आई गं' निघायचं, आणि इंदिरा नगरातल्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी आईची आठवण काढली की खालच्या मजल्यावर श्रीवास्तवजींना ती ऐकू जायची.

श्रीवास्तवजी परोपकारी माणूस, आणि परोपकारी शेजाऱ्यापासून देव सगळ्यांना वाचवो. त्याच संध्याकाळी ते मोहरीच्या तेलात ओवा-लसूण जाळून वाटी घेऊन हजर. "भाईसाहब, इसे लगाकर मोज़े पहन लीजिए, सुबह दौड़ते नज़र आएँगे।" सुबोधरावांनी लावलं. सकाळी दुखणं होतं तिथंच होतं, पांघरुणाला मात्र असा वास लागला की पत्नीनं, म्हणजे प्रणितावहिनींनी, त्यांची रवानगी बाहेरच्या दिवाणावर केली. ऑफिसातल्या मिश्राजींनी बर्फाची बाटली पायाखाली फिरवायला सांगितली. बाटली पुढे गेली, सुबोधराव मागे आले, आणि दुखण्यात कंबरेची भर पडली. मराठी समाजाचे अध्यक्ष पंढरीनाथ अण्णा फोनवर म्हणाले, "रुईचं पान तापवून शेक रे. डॉक्टरांच्या बापाला यातलं काही कळत नाही." लखनौत रुईला मदार म्हणतात हे कळण्यातच बराच वेळ गेला, आणि पान मिळालं तेव्हा ते तव्यावर ठेवून सगळे चहा प्यायला बसले.

आता कुणी म्हणेल, टाच दुखतेय तर पळू नये माणसानं. प्रणितावहिनी नेमकं हेच म्हणत होत्या, दिवसातून जमेल तितक्या वेळा. पण पळण्यामागं कारण होतं, आणि ते कारण घरातच राहत होतं. वेदिका, एकुलती एक लेक, हिला बेंगळुरूला नोकरी लागली होती. डिसेंबरात जायचं होतं. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि म्हणाली, "बाबा, जाने से पहले वाले संडे को रेस है, दस किलोमीटर। मेरे साथ चलेंगे?"

पोरगी लखनौत वाढलेली, तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. त्याचं सुबोधरावांना काही वाटत नसे. त्यांना वाटायचं ते वेगळंच. दहावीनंतर या मुलीनं बापाकडे मेट्रोपर्यंत सोडण्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. मोठी झाली, तिची ती झाली, बापानंही दार वाजवून खोलीत जायची सवय लावून घेतली. आणि आता ही आपण होऊन म्हणत होती, माझ्याबरोबर चला. सुबोधराव तत्काळ 'हो' म्हणाले. ऑफिसची बस पकडण्यापलीकडे आपण आयुष्यात कधी पळालो नाही, हे त्यांना नंतर आठवलं.

मग त्यांनी पळायला सुरुवात केली, तीही जुन्या कॅनव्हासच्या बुटात, आणि टाचेनं असहकार पुकारला. वेदिकाला सांगावं, तर ती म्हणणार, "कोई बात नहीं, बाबा," आणि मैत्रिणीला घेऊन जाणार. ते 'कोई बात नहीं' ऐकायची त्यांची तयारी नव्हती. बाकी काय वाटेल ते ऐकलं असतं.

शेवटी अलीगंजमधल्या डॉक्टर रस्तोगी बाईंनी त्यांच्या टाचेवर अंगठा दाबला आणि त्यांना पुन्हा आईची आठवण आली. बाई म्हणाल्या, तळव्याचा पट्टा सुजलाय. तुमच्या तळव्याच्या आकाराच्या गाद्या बनवून घ्या, त्या बुटात घालायच्या, म्हणजे टाचेवरचा भार वाटला जाईल. मग त्यांनी मऊ फोमचा खोका पुढे ठेवला आणि त्यात पाय रोवायला सांगितलं. कणकेत पाय द्यावा तसा सुबोधरावांनी दिला. आत त्यांच्या तळव्याचा हुबेहूब ठसा उमटला. त्यात प्लास्टर ओतून पायाचा नमुना करायचा, आणि त्या नमुन्यावर दिल्लीच्या लॅबमध्ये गादी घडवायची, अशी एकंदर योजना.

इथंच गोष्ट संपायची. पण सुबोधराव रेल्वेच्या संशोधन खात्यात पुलांचे इंजिनिअर. मालगाडी गेली तर पुलाच्या कुठल्या खांबावर किती भार येतो हे ते झोपेत सांगतील. भार वाटण्याचं काम दुसरा कुणी करतोय आणि आपण नुसते पाय घेऊन उभे आहोत, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी बाईंना खांब, पाया आणि तुळई यांवर छोटंसं व्याख्यान दिलं आणि वर फर्मावलं, "वो प्लास्टर का नमूना भी भिजवाइए। नाप हम खुद जाँचेंगे।" बाईंनी हात जोडले. लखनौत हात जोडण्याचे अनेक अर्थ होतात, त्यातला हा कुठला हे सुबोधरावांच्या लक्षात आलं नाही. पत्ता त्यांनी मराठी समाजाच्या हॉलचा दिला, कारण घरी दिवसभर कुलूप, आणि हॉलवर दत्तजयंतीच्या तयारीसाठी कुणी ना कुणी असायचंच. सुबोधराव समाजाचे सचिव होते, हे सांगायचं राहिलं. ते स्वतः सांगायला कधी विसरत नसत.

या दत्तजयंतीला समाजात पादुका बसवायच्या ठरल्या होत्या. संगमरवरी चरण, कृष्णाकाठच्या कारागिराकडून घडवून घेतलेले. अण्णांची बरीच वर्षांची इच्छा. गुडघ्यांमुळे त्यांचं तिकडे दर्शनाला जाणं बंद झालं, तेव्हापासून त्यांनी घोकलं होतं की आपण जाऊ शकत नाही तर चरणांनीच इकडे यावं. सभेत प्रश्न आला, आणायच्या कशा? सचिव छाती काढून उभे राहिले. "रेल्वेनं येतील. रेल्वे आपलीच आहे." टाळ्या पडल्या.

रेल्वे आपली असते तेव्हा काय होतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. पादुका लखनौला वेळेवर पोचल्या आणि पार्सल ऑफिसात अडकल्या. बुकिंग करताना कुणीतरी मालाच्या रकान्यात पादत्राणे लिहून मोकळं झालं होतं. इथला बाबू फार अदबशीर. "तशरीफ़ रखिए, साहब। आप तो घर के आदमी हैं। अब देखिए, काग़ज़ कहता है जूते-चप्पल, तराज़ू कहता है पत्थर। हम किसकी सुनें?" सुबोधराव म्हणाले, देवाचे पाय आहेत. बाबूनं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, मग तर वरच्यांना विचारावंच लागेल. वरच्यांनी बुकिंगच्या स्टेशनाकडून खुलासा मागवला. रोज सुबोधराव लंगडत जायचे, रोज चहा मिळायचा, आणि चहाशिवाय काही मिळायचं नाही. दत्तजयंती शनिवारी, रेस रविवारी, आणि शुक्रवार संपला तरी ना पादुकांचा पत्ता ना गाद्यांचा.

शनिवारचा अख्खा दिवस त्यांनी पार्सल ऑफिसात घातला. "सोमवार को पक्का," बाबू म्हणाला, आणि दारापर्यंत सोडायला आला. सुबोधरावांनी ई-रिक्षा पकडली. अमीनाबादच्या गर्दीत ती मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि सुबोधराव मनातल्या मनात माफीचं भाषण पाठ करत होते. रेल्वे माझी नाही, हे वाक्य कसंही फिरवलं तरी वाईटच दिसत होतं.

समाजाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर वसुधाताईंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नींनी, त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "सुबोधराव, मानलं तुम्हाला. दुपारीच आल्या. नि काय हो घडवल्यात! अगदी जिवंत वाटतात."

सुबोधरावांनी समोर पाहिलं. चौरंग, त्यावर परात, परातीत दोन पांढरे शुभ्र चरण, तळवे वर. अष्टगंध लागलेलं, तुळस वाहिलेली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. उजव्या टाचेशेजारी कुरूप. त्या पायांची आणि सुबोधरावांची जन्मापासूनची ओळख होती. आणि पायांखाली, चरण थेट धातूवर टेकू नयेत म्हणून, मरून कापडाच्या दोन सुबक गाद्या. "सोबत आसनसुद्धा पाठवलंय बघा," वसुधाताई कौतुकानं म्हणाल्या. "बरोब्बर मापाचं."

सुबोधरावांच्या अंगाला दरदरून घाम फुटला, डिसेंबरात, लखनौच्या थंडीत. ते अण्णांपाशी गेले. "अण्णा, एक सांगायचं होतं."

"नंतर सांग. सूर्य मावळतोय, जन्माची वेळ झाली." अण्णांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांकडे पाहून सुबोधराव मागे सरले आणि पाळण्याच्या दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

पाळणा झाला, आरती सुरू झाली. लोक डोळे मिटून टाळ्या वाजवू लागले तसा सुबोधरावांच्या मनात पापी विचार आला. पाय राहू देत, गाद्या तेवढ्या काढून घ्याव्यात. त्यांच्याशिवाय सकाळी दहा किलोमीटर होणार नव्हते. ते सरकत सरकत चौरंगापाशी गेले, गुडघे टेकले, एका हातानं डावा चरण उचलला आणि दुसरा हात खाली घातला. नेमकी तेव्हाच आरती संपली. साऱ्या लखनौच्या मराठी समाजानं डोळे उघडले, तर सचिव पादुका कवटाळून बसलेले.

"भक्ती असावी तर अशी," कुणीतरी म्हणालं.

"असाच बैस," अण्णा म्हणाले. "तूच आणल्यास, अभिषेक तुझ्याच हातून होऊ दे."

अशा तऱ्हेनं सुबोध आठल्ये यांनी सर्वांसमक्ष, मंत्रघोषात, स्वतःचे पाय धुतले. आधी कोमट पाण्यानं, मग दूध, मग दही, मग तूप, मध आणि साखर. घरी पाय धुवा म्हणून प्रणितावहिनींना त्यांना दोनदा सांगावं लागतं, इथं ते बोटांच्या बेचक्यांतून मध चोळत होते. प्लास्टर पंचामृत पिऊन पिठूळ होऊ लागलं. तीर्थ नेहमीपेक्षा दाट दिसत होतं, पण दुधातुपात पांढरं काय नि किती पांढरं, कोण बघतंय? गाद्या तळाशी मुरत होत्या.

दर्शनाची रांग लागली. रेल्वेचे साहेब, विद्यापीठातले प्राध्यापक, त्यांच्या बायका, झाडून सगळे सुबोधरावांच्या पायांवर डोकं ठेवून गेले. यातल्या काहींनी मागं एका सभेत त्यांना सगळ्यांदेखत निकम्मा म्हटलं होतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी सुबोधरावांना यात थोडी मजाही वाटली असती. मग प्रणितावहिनींचा नंबर आला. त्या शाळेत शिकवायच्या, तिथून थेट आलेल्या. वाकल्या, कपाळ टेकवलं, उठताना करंगळीपाशी त्यांची नजर थबकली. त्यांनी पुन्हा वाकून कुरूप पाहिलं. मग अगदी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "हे तुमचे पाय आहेत."

"हो."

"नि त्या गाद्या?"

"त्याच. उद्यासाठी."

वहिनींनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, ध्यान लागलं. तोवर वसुधाताईंनी तीर्थ वाटायला घेतलं होतं. पहिलं अण्णांना, ज्येष्ठ म्हणून. दुसरं सुबोधरावांना, मानकरी म्हणून. सुबोधरावांनी ते प्यायलं. खडूच की शेवटी, लहानपणी सगळ्यांनीच खाल्लेला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तिसरी पळी भरायच्या आत वहिनी उठल्या, पदर सावरताना त्यांचा हात भांड्याला लागला, आणि सगळं तीर्थ सतरंजीवर.

"अगं बाई, माझंच मेलीचं लक्ष नाही," त्या म्हणाल्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला दोष दिल्याचं सुबोधरावांनी प्रथमच ऐकलं. "वसुधाताई, साध्या पंचामृताचं वाटू या. नि हे आसनही भिजलंय. मी घरी नेऊन वाळवते." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून कोरा खण काढला, चरणांखाली सारला, आणि दोन्ही गाद्या त्याच पिशवीत टाकल्या.

घराच्या दारात किल्ली फिरवताना वहिनी म्हणाल्या, "मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलंय. हे कुणाला सांगाल तर याद राखा." मग स्वतःच रूम हीटरसमोर स्टूल मांडून त्यांनी गाद्या वाळत घातल्या.

रविवारी सकाळी धुकं असं होतं की शेजारचा माणूस आवाजावरून ओळखावा. गाद्या वाळून कडक झाल्या होत्या, पण बुटात बरोब्बर बसल्या. वास मात्र गेला नव्हता. शर्यत सुरू होण्याआधीच गोमतीकाठची दोन कुत्री सुबोधरावांच्या बुटांशी येऊन बसली आणि भोंगा वाजल्यावर इमानानं बरोबर पळू लागली. सुबोधरावांनी पहिलं पाऊल भीत भीत टाकलं. दुसरं टाकलं. टाच गप्प होती. थोडं पुढे गेले, तरी गप्प. डॉक्टर रस्तोगींनी खरंच भार वाटला होता. पुलाच्या इंजिनिअरनं मनोमन त्यांना सलाम ठोकला.

निम्मी वाट झाल्यावर वेदिकानं विचारलं, "बाबा, ये कुत्ते हमारे पीछे क्यों आ रहे हैं?"

आता खोटं काय सांगणार? पळता पळता त्यांनी सगळं सांगितलं. श्रीवास्तवजींचं तेल, फोमचा खोका, जूते-चप्पल आणि पत्थर, आरतीत उघडलेले डोळे. बेचक्यांतल्या मधापर्यंत आले तेव्हा शेजारी पावलांचा आवाज थांबला. मागे वळून पाहिलं तर वेदिका पोट धरून रस्त्याच्या कडेला बसलेली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उठायला गेली की तिला पुन्हा काहीतरी आठवायचं. "मम्मी ने... माथा टेका?" एवढंच म्हणून ती परत बसायची. तिच्या पोटात अशी कळ आली की पळणं राहिलं बाजूला, सरळ उभंही राहता येईना.

"आप जाइए, बाबा," ती म्हणाली. "आप तो आज दौड़ सकते हैं।"

"कोई बात नहीं," सुबोधराव म्हणाले, आणि त्यांनी तिला हात दिला.

उरलेली वाट दोघं चालत गेले. तिनं त्यांचा दंड धरला होता. ती बेंगळुरूच्या खोलीबद्दल बोलली, नव्या साहेबांची भीती वाटते म्हणाली, आई एकटी पडेल का म्हणाली. इतकं ती दहावीनंतर सगळं मिळून बोलली नव्हती. अँब्युलन्स त्यांच्या मागून हळूहळू येत होती आणि ड्रायव्हर अधूनमधून 'बैठ जाइए, बाबूजी' म्हणत होता. ते पोचले तेव्हा शेवटची कमान उतरवून गुंडाळणं चाललं होतं, आणि सुबोधरावांना वाटत होतं की वाट अजून थोडी लांब असती तर काय बिघडलं असतं?

कमानीच्या बांबूपाशी पंढरीनाथ अण्णा उभे होते. मफलर, काठी, आणि खांद्याला जड झोळी.

अण्णांनी झोळी उतरवून त्यांच्या हातात दिली. "घे. तुझे आहेत, तुझ्याकडे ठेव. खऱ्या आल्या की गुपचूप बसवू."

"अण्णा, तुम्हाला..."

"अरे, दत्तमहाराजांच्या पायाला कुरूप असेल का?" अण्णा म्हणाले. "नमस्कार करतानाच दिसलं, नि तुझी टाच मला ठाऊक होतीच. पण परमुलखात वर्षातून एकदा चार माणसं जमतात. रिकाम्या चौरंगापुढे पाळणा म्हणायचं माझ्या जिवावर आलं. नमस्कार पोचायचा तिथं पोचतो, मध्ये पाय कुणाचे का असेनात." मग आवाज उतरवून म्हणाले, "तीर्थ मात्र मी घेतलं नाही. बाहीत ओतलं."

"मी घेतलं," सुबोधराव म्हणाले.

"ते पाहिलं मी. रात्रभर तुझीच काळजी होती."

वेदिका एवढा वेळ ओठ दाबून उभी होती. मंगळवारी जायचं म्हणून तिनं अण्णांना वाकून नमस्कार केला, आणि मग ती बापाकडे वळली. सुबोधराव झटकन मागे सरले. "नको गं बाई. पायांना कालपासून पुष्कळ झालं."

पण ती वाकलीच. काल अख्ख्या मराठी लखनौनं त्या पायांवर डोकं टेकवलं होतं आणि सुबोधरावांना नुसतं पळून जावंसं वाटलं होतं. आता या एकीचा हात बुटाला लागला आणि ते जागचे हलले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मंगळवार अगदी दाराशी येऊन उभा होता.

"बाबा," ती वाकलेलीच खालून म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "दह्याचा वास येतोय."